तुम्ही विचारलेत म्हणून: गोव्याचा माणूस पोर्तुगालच्या बाजूने कसा?

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की हा प्रश्न येतोच. माझे साडू कोल्हापूरचे, पेठेतल्या तालमीच्या संघासाठी शाहू स्टेडियमवर घसा बसवून घेणारे. ते दर चार वर्षांनी फोनवर न चुकता विचारतात की, ज्यांनी साडेचारशे वर्षे तुमच्यावर राज्य केले, त्यांच्या संघासाठी तुम्ही रात्र रात्र जागता तरी कसे? हल्ली पुण्या-मुंबईचे वाचकही तेच विचारू लागले आहेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. (आम्ही फोंड्याचे. हा भाग नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातला, त्यामुळे आमच्या वाट्याला ती साडेचारशे नव्हे, सुमारे दोनशे वर्षे आली. पण साडूंना ही दुरुस्ती कधीच पटलेली नाही.)

पहिली गोष्ट अशी की, माझ्या पिढीचा संघ मुळात पोर्तुगाल नव्हताच, ब्राझील होता. पोर्तुगालचा संघ १९६६ नंतर थेट १९८६ मध्ये विश्वचषकात दिसला, तिथे मोरोक्कोकडून ३-१ असा हरून गटातच गारद झाला आणि मग २००२ पर्यंत पुन्हा दिसलाच नाही. आमच्या घरी दूरदर्शन संच आला तेव्हा पडद्यावर पिवळे सदरे होते. लाल सदरा पुढे आला, तो बराचसा रोनाल्डोमुळे. माझ्या मुलाला तर पोर्तुगाल हा देश रोनाल्डोचा म्हणूनच आधी कळला आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे नाव त्याने पाठ्यपुस्तकात नंतर वाचले.

इतिहासाचा हिशेब म्हणाल, तर तो मांडण्याचा अधिकार आमच्या घरात एकाच माणसाला होता. माझे काका गोवामुक्तीच्या १९५५ च्या सत्याग्रहात पकडले गेले आणि आग्वादच्या तुरुंगात राहून आले. पोलिसांच्या माराने त्यांचा डावा कान कायमचा अधू झाला होता. २०१६ च्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना आम्ही त्यांच्याच खोलीत पाहिला, कारण दूरचित्रवाणी संच तिथे होता आणि वयामुळे त्यांना झोप लागत नसे. रोनाल्डो पंचविसाव्या मिनिटाला जायबंदी होऊन बाहेर गेला, तेव्हा मुलगा रडवेला झाला. काका मात्र उजवा कान पडद्याकडे करून स्वस्थ बसून होते. पहाटे तीनच्या सुमारास, जादा वेळेत, एडर नावाच्या बदली खेळाडूने लांबून जमिनीसरपट फटका मारला आणि फ्रान्स पॅरिसमध्येच हरला. आमचा आरडाओरडा थांबल्यावर काकांनी विचारले, “खंयचो तो?” मी म्हणालो, “जन्म बिसावचो.” गिनी-बिसाव, म्हणजे आमच्याप्रमाणेच सालाझारच्या राजवटीखाली राहिलेला आणि आमच्यानंतर बारा-तेरा वर्षांनी सुटलेला देश. काका म्हणाले, “म्हणजे आमचोच.” आणि चादर ओढून झोपले. साडूंच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.

म्हणून मुक्तिदिनाला तिरंगा लावणारा माणूस पोर्तुगालचा झेंडा कसा लावतो, हे मला कोडे वाटत नाही. कळंगुटला २०२१ च्या अखेरीस रोनाल्डोचा पुतळा उभा राहिला आणि काळे झेंडे निघाले, तेव्हा माझी थोडी ओढाताण झाली खरी. गोव्याच्या खेळाडूंना आधी मान द्या, असेही एक म्हणणे तेव्हा पुढे आले, आणि ते मला पटले. कारण गोव्याचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवळकर यांना गोलजाळ्यासमोर उभे राहिलेले ज्याने पाहिले आहे, त्याला गोव्याच्या मुलांसमोर आदर्श म्हणून कोणाला ठेवावे हा प्रश्न पडू नये. रोनाल्डोच्या देशावर माझा राग नाही. पुतळ्यावर आहे, तोही बेताचा.

माझी खरी बोच वेगळीच आहे आणि ती मला २०२२ च्या डिसेंबरात पहिल्यांदा नीट जाणवली. ९ तारखेच्या रात्री ब्राझील क्रोएशियाकडून पेनल्टीवर हरले. १० तारखेला मोरोक्कोने पुन्हा एकदा पोर्तुगालला घरी धाडले, या वेळी १-०. म्हणजे चोवीस तासांत गोव्याचे दोन्ही संघ बाद झाले, आणि आमच्या वाड्यावर सुतक असल्यासारखी सामसूम पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरचा मुलगा, जो आदल्या रात्री आम्हाला चिडवायला म्हणून मोरोक्कोच्या बाजूने ओरडत होता, विजेच्या खांबावरून ब्राझीलचा झेंडा उतरवायला आला. त्याच्याकडे शिडी नव्हती. आमची शिडी दिली आणि खाली मीच ती धरून उभा राहिलो. एक गाठ सुटेना, तेव्हा त्याने दातांनी सोडवली. वर चढलाच आहेस तर आमचाही काढ, असे सांगितल्यावर त्याने तोही काढला, आणि दोन्ही झेंडे एकाच पिशवीत गेले.

त्या मुलाचा थोरला भाऊ दोह्यात वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतो. कतारमधल्या रहिवाशांसाठी चाळीस रियालची तिकिटे होती, त्यातले एक त्याला मिळाले, आणि गटातला एक सामना त्याने प्रत्यक्ष पाहिला. सुट्टीवर आल्यावर तो सामन्याविषयी दोन वाक्ये बोलला आणि उन्हाळ्यातल्या छपरांविषयी अर्धा तास. ती मैदाने नेपाळ, बांगलादेश आणि भारतातून गेलेल्या मजुरांनी बांधली, त्यात माणसे मेली, किती मेली यावर अजून वाद आहे, हे सगळे मी स्पर्धेआधी वाचले होते आणि वाचूनही एकही सामना चुकवला नव्हता. पोर्तुगालच्या बाजूने ओरडताना मला कधी अपराधी वाटले नाही. त्याच्यासमोर बसून मेस्सीच्या अंतिम सामन्याचे कौतुक करताना मात्र वाटले, आणि मी विषय बदलला.

दुसरी बोच घराजवळची आहे. आम्ही परक्या संघांमध्ये वाटले जातो, कारण त्या स्पर्धेत आपला संघ नसतो, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आपला संघ फोंड्यापासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर, फातोर्ड्याला, सिंगापूरशी आशियाई चषकाचा पात्रता सामना खेळला. भारताच्या छांगटेने चौदाव्या मिनिटाला सुंदर गोल केला, मग सिंगापूरने दोन केले आणि भारताची वाट बंद झाली. मी गेलो होतो. रात्री साडेबाराचा सामना पाहायला माझ्याकडे जमणाऱ्या आठ-दहा जणांपैकी किती आले असतील? एकही नाही. मुलाची परीक्षा नव्हती, तरी तोही आला नाही.

आठ दिवसांनी, २२ तारखेला, त्याच मैदानावर एफसी गोवाचा सामना रोनाल्डोच्या अल नस्र क्लबशी होता, आणि तेव्हा तिकिटासाठी मला फोन करणाऱ्यांची रांग लागली. मुलाने तर महिनाभर आधीच लाल सदरा इस्त्री करून ठेवला होता. मग रोनाल्डो येणार नसल्याचे समजले आणि त्याने तिकीट विकायची भाषा सुरू केली. त्याला जवळजवळ ओढतच नेले. पाहुण्यांनी लवकर दोन गोल चढवले. मग मध्यंतरापूर्वी आपल्या गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसने एक फेडला, आणि माझा मुलगा, पाठीवर रोनाल्डोचे नाव असलेला, खुर्चीवर चढून रोनाल्डोच्याच क्लबविरुद्ध असा काही किंचाळला की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मागे वळून त्याची पाठ पाहिली आणि हसले. सामना आपण १-२ असा हरलो. परतताना बोरीच्या पुलापर्यंत तो ब्रायसनविषयीच बोलत होता.

आता २०२६ चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत, ४८ संघांचा, १०४ सामन्यांचा. ११ जूनला सुरुवात, १९ जुलैला शेवट, म्हणजे इथे ऐन पावसाळा, वेळा आपल्या मध्यरात्रीच्या नि पहाटेच्या, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. एवढे संघ घेतले ते खेळासाठी की पैशासाठी, याविषयी माझे मत फारसे चांगले नाही, आणि तरीही मी इन्व्हर्टरची बॅटरी बदलून घेतली आहे. पोर्तुगालचा झेंडा या खेपेला मी स्वतः लावणार नाही, असे घरी जाहीर केले आहे. मुलगा लावणार म्हणतो. शिडी त्याला एकट्याला पेलत नाही, तेव्हा ती धरायला मला जावे लागेल.