आबाजींचा बाप कोण, हे शोधताना

आबाजी म्हणजे माझे आजोबा. त्यांचा बाप दोन भावांपैकी कोणता, हाच प्रश्न. शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरला बापाचं नाव धाकट्या भावाचं. जन्माच्या जुन्या नकलेत मोठ्या भावाचं. पणजीचा पुढं धाकट्या दिराशी पाट लागला, हे घरात सगळ्यांना ठाऊक. पण मोठा प्लेगात गेला आणि त्यानंतर दीड वर्षानं मूल झालं, असं सांगायचे. त्यापुढचं कुजबुजीतच राहायचं. दिवाळीत आत्या म्हणाली, "माझ्या आजीला लोक काय काय बोलले, बाप्पा. तू पाहून येशील?"

नागपूरच्या गणेशपेठहून एसटीनं तहसीलला गेलो. अर्ज लिहिला, कोर्ट फीचं तिकीट लावलं. नक्कल हातात असताना मूळ कोतवाल बुक, म्हणजे गावच्या कोतवालाकडचं जन्म-मृत्यूचं बुक, कशाला, हे पटवण्यातच दोन खेपा गेल्या. तिसऱ्या खेपेला जुन्या कागदांचा बस्ता सुटला. लिखाण मोडीतलं, म्हणून महाल भागातल्या एका निवृत्त मास्तरांना सोबत नेलं होतं. तपकिरी झालेली शाई, हात लागला की तुटणाऱ्या कडा. मास्तरांनी बोट न टेकवता वाचलं: एप्रिल 1919, मुलगा, बापाचं नाव, आणि नावापुढं बारीक अक्षरात 'मयत'. नकलेत हा शब्द उतरलाच नव्हता!

पण जन्माची नोंद म्हणजे घरच्यांनी सांगितलं ते कोतवालानं लिहिलं. तेवढ्यावर मी थांबणार नव्हतो. मृत्यूचं बुकही मागितलं. ऑक्टोबर 1918 चं पान उघडलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो. ओळीमागून ओळ, कारणाच्या रकान्यात एकच शब्द: ताप. एकाच घरातली तीन-तीन नावं. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ ती. पान उलटलं तरी तेच. खालून चौथ्या ओळीत आबाजींचा बाप सापडला, 19 तारखेला गेलेला. प्लेग नव्हता आणि दीड वर्षही नव्हतं. घरानं दोन साथी एकात मिसळल्या होत्या आणि त्याचा भार एका बाईनं जन्मभर वाहिला, याचा मला फार राग आला.

शाळेत धाकट्यानं आपलं नाव लावलं, कारण पोराला वाढवलं त्यानंच. ती नोंद मी खोटी म्हणणार नाही.

या वेळी दोन्ही नोंदींच्या नकला घेतल्या आणि 'मयत' उतरलाय का, हे तिथंच तपासलं. आत्याला वाचून दाखवल्या. तिनं बोटांच्या पेरांवर महिने मोजले, पुन्हा मोजले.

"म्हणजे तो गेला तेव्हा आजी तीन महिन्यांची पोटुशी होती," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.