वर्धा रोडवरून बंदराकडे

भाच्याच्या भंडाऱ्याच्या तांदळाचा पहिला कंटेनर निघणार होता, म्हणून मी त्याच्याबरोबर वर्धा रोडवरील, नागपूर शहराबाहेरच्या कंटेनर डेपोत गेलो. वाटेत टॅक्सीवाल्याने विचारले, "भाऊ, आपली बंदरं तं दुबईवाल्याईनं घेतली म्हणते ना?"

हा समज जुनाच आहे. २००६ मध्ये बंदरे चालवणाऱ्या दुबईच्या डीपी वर्ल्डने पी अँड ओ ही ब्रिटिश कंपनी घेतली, तेव्हा सहा बंदरांतील कामकाजावरून अमेरिकेत इतका गदारोळ झाला की कंपनीला तिथला व्यवसाय विकावा लागला. त्याच खरेदीतून मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातले एक टर्मिनलही (कंटेनर चढवण्या-उतरवण्याचा धक्का) तिच्याकडे आले. १९९७ च्या करारानुसार ते तीस वर्षांसाठी दिलेले आहे. जमिनीची मालकी मात्र सरकारी बंदर प्राधिकरणाकडेच आहे.

डेपोत पोहोचल्यावर मला या प्रश्नाचे उत्तर कंटेनरच्या दारावरच दिसले. कस्टम्सची परवानगी मिळाली, कडीत बोल्ट सील, म्हणजे खिळ्यासारखे पोलादी सील, ठोकले गेले आणि भाच्याने त्याचा क्रमांक शिपिंग बिलाच्या, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायच्या, कागदावर लिहून फोटोही काढला. ते सील कापल्याशिवाय निघत नाही. म्हणजे आत काय आहे, ते देशाबाहेर जाऊ द्यायचे की नाही, हे आठशेहून अधिक किलोमीटरवरील समुद्र दिसण्याआधी नागपुरातच, भारतीय अधिकाऱ्यांसमोर ठरले. टर्मिनलवाल्यांनी ती बंद पेटी रेल्वेच्या वाघिणीवरून उतरवून जहाजावर चढवायची. तिथे बंदराचा पहारा सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाकडे, तर जहाजे आत आणणारे पायलट प्राधिकरणाच्या अखत्यारीत असतात. शेजारच्या एपीएम टर्मिनलमध्ये तर कॉन्कॉर या आपल्याच सरकारी कंपनीची २६ टक्के भागीदारी आहे.

सगळेच करार सारखे नसतात, हेही खरे. श्रीलंकेने हंबनटोटा बंदर चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले, त्याची तुलना तीस वर्षांच्या टर्मिनलशी करता येत नाही. मला स्वतःला झेंड्यापेक्षा दराची काळजी अधिक वाटते: एपीएम हे मर्स्क या जहाजकंपनीच्या समूहाचे, म्हणजे जहाजे आणि धक्क्यावरची क्रेन एकाच घरात असल्यावर लहान निर्यातदाराने घासाघीस कुणाशी करायची?

भाच्याला यातले काहीच सुचत नव्हते. मालगाडीची रेक अजून पुरती भरली नव्हती, जहाजाचा कट-ऑफ, म्हणजे बंदरात माल पोहोचवायची शेवटची मुदत, शुक्रवारी होता आणि कंटेनर उचलणाऱ्या रीच स्टॅकरचा चालक चहाला गेला होता.