राजारामपुरी ते न्यूयॉर्क : विमानाचे साडेपंधरा तास आणि बाकीचे बत्तीस

कोल्हापूरहून न्यूयॉर्कला लेकीकडे जायचं ठरल्यावर मी आधी माळ्यावरचा पृथ्वीगोल काढला. तीस वर्षं भूगोल शिकवला, सवय जात नाही. मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणला. नकाशात वाटतं तसा तो सरळ पश्चिमेला जात नाही. मॉस्को, हेलसिंकीच्या अंगानं वर चढतो, आइसलँडवरून ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी येतो आणि मग खाली उतरतो. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे परीघ साधारण ९४; दोरा भरला साडेएकोणतीस. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर धरला की अंतर येतं साधारण १२,५०० किलोमीटर. विमान दोऱ्याबरहुकूम जात नाही. बंद हवाई हद्दी टाळतं, वारा बघतं. जाताना वारा समोरून असतो, म्हणून परतीला तासभर तरी कमी लागतो.

तिकिटावर होतं : १२ मे, निघणार १.३०, पोचणार सकाळी ७.३०. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सहा तासांत अमेरिका?" दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. मे महिन्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. सहात साडेनऊ मिळवा, झाले साडेपंधरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १२ तारखेचे १.३० म्हणजे ११ च्या मध्यरात्रीनंतरचे. ११ लाच रात्री दहापर्यंत विमानतळावर हजर राहायचं. कॅलेंडरवर ११ लाच खूण करा. या एका गफलतीनं लोकांची विमानं चुकतात.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून विमानानं मुंबई गाठायचा विचार होता, पण सोडला. दोन तिकिटं वेगवेगळी असली की पहिलं विमान लेट झाल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही. त्यापेक्षा १० तारखेची रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली, सकाळी दादरला उतरलो, दिवसभर आत्तेभावाकडे पाठ टेकली. साठी उलटलेल्यांनी हेच करावं.

सामानाचं थोडं. कांदा-लसूण चटणी आणि काकवी मोठ्या बॅगेतच, दुहेरी पिशवीत; हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर पातळ काही चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेतही घेऊ देत नाहीत. मटणाचं लोणचं घरीच ठेवा, अमेरिकेत मांसाचे पदार्थ काढून घेतात. विचारलं की "खाण्याचं आणलंय" असं सरळ सांगायचं. आम्ही चटणी आणि गूळ दाखवला, लगेच सोडलं.

सीट चालायच्या वाटेच्या कडेची मागून घ्या. दर दोन तासांनी उठून चालायचं, पाणी पीत राहायचं. माझे पाय सुजले नाहीत. ह्यांनी ऐकलं नाही, त्यांचे सुजले.

लेकीच्या दारात पोचलो तेव्हा तिथं सकाळचे दहा वाजले होते, कोल्हापुरात संध्याकाळचे साडेसात. घराला कुलूप लावलं होतं १० तारखेला रात्री आठला.