पद्मिनीच्या इंजिन नंबरची नोंद - माझा अनुभव

इंजिन बदललेली जुनी गाडी असेल तर पासिंगच्या (आरसीच्या नूतनीकरणाच्या) आधी हे वाचा, माझे चार महिने गेलेत यात.

आमची प्रीमियर पद्मिनी 1994 ची, बाबांनी घेतलेली, 1089 सीसी पेट्रोल. 2012 ला ब्लॉकला क्रॅक गेला तेव्हा आमच्या मिस्त्रीमामांनी पुण्याच्या नाना पेठेतून दुसऱ्या पद्मिनीचं इंजिन आणून बसवलं, मॉडेल तेच, सीसी तीच, आणि आरसीवर नंबर बदलून घ्यायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. 2014 आणि 2019 चं पासिंग चासी नंबरवर निघून गेलं. 2024 ला आरटीओच्या साहेबांनी बोनेटमध्ये टॉर्च मारली आणि म्हणाले, हे इंजिन या गाडीचं नाही.

साहेबांचं बरोबरच होतं, चोरीच्या गाडीचं इंजिनही असू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलायच्या आधी परवानगी घ्यायची आणि बदलल्यावर 14 दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची, ते आम्ही केलं नव्हतं ही आमची चूक. पासिंगचा फॉर्म 25, इन्शुरन्स, पीयूसी, पर्यावरण कर हे सगळं एका सकाळीत झालं.

माझा राग आहे तो खिडकीवर. ऑफिसचं नाव घेत नाही. पहिल्यांदा गेलो तर म्हणे इंजिनचं बिल आणा. बिल नेलं तर म्हणे ज्या गाडीचं इंजिन आहे तिचे कागद आणा. ती गाडी साताऱ्याकडची, दुकानदाराच्या फायलीत तिच्या रद्द झालेल्या आरसीची झेरॉक्स मिळाली म्हणून निभावलं. ती नेली तर म्हणे चोरीची नाही असं पोलिसांचं पत्र पाहिजे. अहो, हे तिन्ही पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिलं असतं तर माझ्या दोन रजा वाचल्या असत्या! प्रत्येक वेळी टोकन, दीड-दोन तास उभं राहायचं आणि जेवणाची सुट्टी झाली की परत पहिल्यापासून.

चौथ्या फेरीला सगळे कागद होते तर फाईल परत, कारण बिलावर इंजिन नंबरात 3 आणि आरसीच्या झेरॉक्सवर 8. माझं डोकंच फिरलं. रविवारी मामा घरी आले, ब्लॉकवरचा नंबर रॉकेल आणि तारेच्या ब्रशने साफ केला, वर जुन्या रंगाचा थर होता तो पॉलिश पेपरने हळूहळू काढला, मग पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी धरून घासली. एकेक आकडा कागदावर उमटत गेला आणि तो 8 च होता, डावी बाजू रंगाने बुजलेली म्हणून बिल करताना 3 वाचला गेला. मला इतकं हायसं वाटलं की त्या कागदाचे लगेच चार फोटो काढले.

दुकानदार आता हयात नाहीत, त्यांच्या मुलाने लेटरहेडवर दुरुस्तीचं पत्र दिलं, एक शब्द न विचारता. त्याचे उपकार आहेत. ते पत्र, पेन्सिलची प्रिंट आणि माझं अ‍ॅफिडेव्हिट लावल्यावर फाईल एकदाची पुढे सरकली.

हो, एक राहिलं, मित्र म्हणत होता व्हिंटेजमध्ये टाक, जुन्या गाड्यांचा खास व्हीए वाला नंबर मिळेल. त्याला गाडी 50 वर्षांच्या वरची लागते, मोठे फेरफार केलेले चालत नाहीत, फी 20,000 आणि रोज वापरायला परवानगी नाही. आपल्या कामाचं नाही ते. आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बुक करताना चासी आणि इंजिनचे शेवटचे पाच आकडे विचारतात, त्यामुळे आधी ही नोंद, मग प्लेट.

पाचव्या फेरीला काम झालं. नवीन आरसी हातात आल्यावर बाबांनी चष्मा लावून पेन्सिलच्या प्रिंटशी एकेक आकडा ताडून पाहिला आणि मगच गाडीला चावी लावली. तुम्हीही ऑफिसच्या आवारातच ताडून बघा, चूक निघाली तर तिथल्या तिथे परत आत जाता येतं.