एका शब्दापायी पाच हेलपाटे (शिक्षकांचं मानवी हक्क प्रशिक्षण, माझा अनुभव)

जिल्ह्याचं तीन दिवसांचं ट्रेनिंग मस्त झालं, जेवणही बरं होतं, त्यावर जास्त लिहीत नाही. डोकं तापलं ते नंतर. तेच ट्रेनिंग आपल्या तालुक्यातल्या चाळीस शिक्षकांना एक दिवस द्यायचं, एवढ्याच परवानगीला मला सहा आठवडे लागले.

प्रस्तावात विषय लिहिला 'असहिष्णुता रोखण्यासाठी मानवी हक्क शिक्षण'. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी पहिला शब्द वाचला आणि चष्माच काढला. "मॅडम, हा शब्द कशाला? उद्या पेपरात आलं म्हणजे?" मी म्हटलं, पोरं एकमेकांच्या डब्यावरून, आडनावावरून बोलतात, त्यासाठीच आहे हे. तर म्हणे, "आपल्या तालुक्यात तसलं काही नाही." फाइल परत.

दुसऱ्या खेपेला, वरून पत्र आहे का? मी संयुक्त राष्ट्रांचा २०११ चा मानवी हक्क शिक्षणाचा जाहीरनामा प्रिंट काढून जोडला, त्यात स्पष्ट आहे की हक्कांबद्दल नुसतं शिकवून भागत नाही, शिकवण्याची पद्धतही मुलाचा मान राखणारी हवी. त्यावर शेरा पडला, 'संचालनालयाचे पत्र जोडावे.' म्हणजे वर म्हणजे पुणे, त्याच्या वर काही नाहीच! तिसऱ्यांदा साहेब मीटिंगला. चौथ्यांदा फाइलच सापडेना, आणि माझ्याकडे पोच नाही. तुम्ही हा गाढवपणा करू नका, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक नंबर, तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.

शेवटी एक रिटायर्ड केंद्रप्रमुख सर म्हणाले, बाई, शब्द बदला. 'संविधान उद्देशिका व मूल्यसंवर्धन' असं लिहिलं. उद्देशिका २६ जानेवारी २०२० पासून शाळेत वाचायचीच आहे, तिला नाही कोण म्हणणार? पाचव्या खेपेला दोन दिवसांत सही. आतली एकही ओळ बदलली नव्हती. जिंकल्यासारखं वाटलं आणि खरं सांगते, थोडी लाजही वाटली.

हो, पत्रात 'कार्यमुक्त करावे' हे शब्द पाहिजेतच, नाहीतर हेडमास्तर सोडत नाहीत.

ट्रेनिंगची सुरुवात मी हंसा मेहतांपासून केली, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगातल्या भारताच्या प्रतिनिधी. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असं वाचलं जाईल असा शब्द होता, त्यांनी आग्रह धरून तिथे 'सर्व माणसं' आणलं. एका शब्दाला किती किंमत असते हे मला तोवर चांगलंच कळलं होतं.

मग विचारलं, शिष्यवृत्तीची माहिती भरताना वर्गात कसं विचारता? सगळे गप्प. पंखाच काय तो वाजत होता. मागच्या बाकावरून एक सर म्हणाले, "एससीवाले उभे राहा, असं म्हणतो." मग थांबून, "मलाही असंच उभं करायचे. मी खाली बघायचो." पुढे दहा मिनिटं मला काही बोलावंच लागलं नाही, तेच एकमेकांत बोलत होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये छडीसोबत मानसिक त्रासालाही बंदी आहे हे मी नंतर नुसतं फळ्यावर लिहिलं. जात जनरल रजिस्टरला लिहिलेली असतेच, पोराला उभं करायची गरज काय? हा भाग जेवणाआधीच घ्या, जेवणानंतर निम्मे पेंगतात. आणि तारीख परीक्षा, इलेक्शन ड्युटी बघून ठरवा, माझी एक बॅच त्यातच गेली.

परवा त्याच ऑफिसातून ग्रुपवर मेसेज, 'प्रवर्गनिहाय विद्यार्थीसंख्या उद्या ११ पर्यंत, अति तातडीचे.' खाली त्या मागच्या बाकावरच्या सरांचा रिप्लाय, "जनरल रजिस्टरवरून काढतोय, दुपार होईल."

भाऊसाहेबांनी अंगठा टाकला.