सॅक्स-झिमच्या दलदलीत काळ्या पाठीचा सुतारपक्षी शोधताना

पुण्यात कवडीला पक्षी बघायची सवय असलेल्या माणसाला सॅक्स-झिम बॉग सुरुवातीला रिकामीच वाटते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डुलुथ शहराच्या वायव्येला पसरलेली ही सुमारे 300 चौरस मैलांची दलदल, कुरणं आणि सूचिपर्णी जंगल. जानेवारीत उणे 25 अंशांत गाडीतून मैलोन्‌मैल फिरलो, पण कावळ्याशिवाय काही दिसेना.

वेलकम सेंटरमधल्या स्वयंसेवक काकूंनी मोलाचा सल्ला दिला: गाडी बंद करा आणि पक्षी शोधण्याआधी झाडं बघा.

मला हवा होता ब्लॅक-बॅक्ड वुडपेकर, म्हणजे काळ्या पाठीचा सुतारपक्षी. हा खोलवर भोकं पाडण्यापेक्षा मेलेल्या झाडाची साल सोलून आतल्या भुंग्यांच्या अळ्या खातो. म्हणून मी स्प्रूस आणि टॅमरॅक या सूचिपर्णी झाडांचे वाळके बुंधे बघत चालू लागलो. टॅमरॅक सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पानं गाळतो, त्यामुळे निष्पर्ण झाड मेलेलंच असेल असं नाही; साल बघावीच लागते. शेवटी एका स्प्रूसखाली बर्फावर सालीचे ताजे कपचे पडलेले दिसले. वर बुंधा तांबूस, नुकताच सोललेला. थांबलो. श्वासाने दुर्बिणीची काच धुरकट होत होती, म्हणून मान वळवून श्वास सोडत होतो. बऱ्याच वेळाने हलकी टकटक ऐकू आली, पाठोपाठ एक कपचा खाली आला. नर होता! काळीभोर पाठ, डोक्यावर पिवळा ठिपका. मला बघूनही त्याने काम थांबवलं नाही. इतका आनंद मला क्वचितच झालाय.

बोरियल चिकाडी ही चिमणीएवढी चिमुकली पक्षीण त्यामानाने सोपी. ॲडमिरल रोडवर पक्ष्यांसाठी खाणं ठेवलेल्या फीडरवर ती पीनट बटर खायला येते. तपकिरी टोपी दिसली की तीच.

संध्याकाळी ग्रेट ग्रे आउल हे राखाडी घुबडही दिसलं. दोन फूट बर्फाखालचा उंदीर त्याला नुसत्या आवाजावरून सापडतो. त्याला जवळ आणायला काही फोटोग्राफर पाळीव उंदीर सोडतात, याचा मला मनापासून राग येतो. घुबड रस्त्याकडेला यायला शिकतं आणि गाडीखाली सापडतं. त्याची जागा मी कुणालाच सांगितली नाही. हॉक आउल हे दुसरं घुबड बघायचं राहिलंय, त्यासाठी फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहे.