रामनदीवर नववीचा वर्ग: माझा अनुभव

नववीच्या मुलांना पुण्यातल्या रामनदीवर नेऊन पाणी तपासायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा मुख्याध्यापिकाबाई लगेच हो म्हणाल्या. पालकांची संमतीपत्रं भराभर आली, तपासणीचं किटही मिळालं. घोडं अडलं ते एका कार्यालयातल्या एका टेबलावर. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

परवानगीच्या अर्जावर आवकचा शिक्का मिळाला आणि मी निर्धास्त झाले. चौकशीला गेले तर अर्ज सहलींच्या गठ्ठ्यात! तिथले प्रश्नही सहलीचे: बस कुठली, मुक्काम कुठे, जेवणाचं काय. आमची मुलं सकाळी पीएमपीच्या शहर बसने जाऊन दुपारी परतणार होती. ही सहल नाही, क्षेत्रभेट आहे, असं लेखी दिलं. मग ‘नदीपात्र’ या शब्दाखाली लाल रेघ आली. “मॅडम, काही झालं तर जबाबदार कोण?” प्रश्न रास्तच आहे, मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. पण उत्तर ऐकून घ्यायला कुणी थांबेना. पाणी घोट्याच्या वर नाही असं सांगूनही पोहता येणाऱ्या मुलांची यादी मागितली. ती नेली तर साहेब मीटिंगला. साहेब भेटले तर फाईल दुसऱ्या टेबलावर. शेवटी अर्ज परत आला, शेरा एकच: ‘त्रुटींची पूर्तता करावी.’ कुठल्या त्रुटी, ते कुठेच लिहिलेलं नाही.

इतकी चीड यायचं कारण असं की ओढा काही फायलीसाठी थांबत नाही. पावसाळ्यातल्या लोंढ्यांत दगडांवरचे किडे वाहून जातात. पाऊस ओसरला, पाणी निवळलं की दगडांखाली पुन्हा वस्ती होते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा ती बघायचा उत्तम काळ. पुढे वरच्या अंगाला धार बारीक होत जाते आणि खाली शहरात उरतं ते बहुतेक सांडपाणी. आमची दिवाळीची सुट्टी संपली तरी सही नव्हती. नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आहे, त्याचं पुस्तक आहे. पर्यावरण शाळांमधून सक्तीने शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात १९९१ सालीच सांगितलं. आणि मुलांनी पाण्याला हात लावायचा म्हटलं की शिक्षकाने हेलपाटे घालायचे!

शेवटी मी त्रुटी कोणत्या ते लेखी मागितलं आणि त्या पत्राची पोच घेतली. सोबत तीन कागद जोडले: जलसुरक्षेच्या पुस्तकातल्या उपक्रमाच्या पानाची झेरॉक्स, हाताने काढलेला नकाशा आणि हमीपत्र. नकाशात मुलं जिथे उभी राहणार तिथली खोली सेंटिमीटरमध्ये लिहिली होती. हमीपत्रात जवळचा दवाखाना, सोबतचे शिक्षक-पालक आणि ‘आदल्या दिवशी पाऊस झाल्यास भेट रद्द’ हे वाक्य. सही झाली. तो कागद हातात घेताना मला खरंच अभिमान वाटला. तुम्हालाही जायचं असेल तर अर्ज जून-जुलैतच द्या आणि विषयाच्या ओळीत ‘सहल’ हा शब्द येऊ देऊ नका.

भुकूम गावाच्या वरच्या अंगाला, खळाळत्या उथळ पाण्यात मुलांनी दगड उचलले. एका दगडाच्या खालच्या बाजूला मेफ्लाय या उडत्या किड्याची पाण्यात वाढणारी पिल्लं चिकटलेली होती: चपटं अंग, मागे दोन-तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले. पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घालून सोडल्यावर ते कल्ले हलताना साध्या भिंगातूनही दिसले. या किड्यांना भरपूर प्राणवायू लागतो, त्यामुळे ते सापडले की पाण्याबद्दल बरंच कळतं. (दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा. हे मुलांना आधीच बजावा.)

मग नदीच्या प्रवाहात आणखी खाली, शहरातल्या पाषाण भागाच्या पुढे. इथे कुणालाही पाण्यात उतरू दिलं नाही, पुलावरून दोरीने बादली सोडली. गाळात लाल अळ्या वळवळत होत्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून जेमतेम प्राणवायूवरही त्या तग धरतात. विंकलर पद्धतीत (पाण्यातला प्राणवायू मोजायची रासायनिक चाचणी) पहिली दोन रसायनं घातली की विरघळलेल्या प्राणवायूमुळे तपकिरी साका बसतो. भुकूमच्या बाटलीत तो गडद तपकिरी होता, इथल्या बाटलीत जवळजवळ पांढरा. दोन्ही बाटल्या शेजारी धरल्यावर एक मुलगी म्हणाली, “बाई, ही तीच नदी ना?” केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्यालासुद्धा लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो, हा आकडा त्यानंतर कुणाला पाठ करायला सांगावा लागला नाही.

आठवतंय तसं आणखी. नमुन्याची वेळ लिहाच. शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी प्राणवायू चढतो आणि पहाटे सगळ्यात कमी असतो, त्यामुळे वेळ नसलेल्या नोंदींची तुलना करता येत नाही. बाटली पाण्याखालीच भरून तिथेच बूच लावायचं, आत बुडबुडा राहता कामा नये. पायाला जखम असलेल्या मुलाला वह्या सांभाळायला द्या. जखमेवाटे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा धोका असतो. सगळ्यांना मागे पट्टा असलेल्या सॅंडल, चपला नकोत. डबा उघडण्याआधी साबणाने हात. विंकलर चाचणीतलं आम्ल शिक्षकानेच घालायचं आणि वापरलेली रसायनं कॅनमध्ये भरून शाळेच्या प्रयोगशाळेत परत आणायची, नदीकाठी एक थेंबही ओतायचा नाही.